विमा त्यांचा, विमान त्यांचं. मग तुमचं काय?

पत्र: मी न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेल्या वर्षी प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळालं. जवळच्या विमानतळावरच्या फ्लाइंग स्कूलकडून सेस्ना १७२ हे छोटं चार आसनी विमान तासावर भाड्याने घेऊन उडवतो. विम्याचं विचारलं तर काउंटरवर सांगतात, ‘विमान इन्शुअर्ड आहे, काळजी करू नका.’ ओहायोतला माझा एक मित्रही म्हणतो, की त्याने वेगळा विमा कधी घेतलाच नाही, क्लबचा आहे तो पुरतो. मे महिन्यात सांगलीहून सासू-सासरे येताहेत. त्यांना हडसन नदीवरून स्टॅच्यू ऑफ लिबर्टी आणि जमलं तर नायगारा दाखवायचा बेत आहे. खर्चात हातभार लावायला सासरे आत्ताच तयार आहेत. बायको म्हणते, आधी विम्याचं बघ, मग आईबाबांना बसव. मला स्वतःचा विमा लागतो का? किती रकमेचा? आणि माझ्या टर्म इन्शुरन्सचं काय?
– विमानवेडा जावई

नमस्कार जावईबापू,

लायसन्सबद्दल अभिनंदन. बायकोचं ऐकताय, तेही उत्तम.

कायद्याचा भाग छोटा आहे, तो आधी उरकू. विम्याशिवाय न्यू जर्सीत गाडी रस्त्यावर आणता येत नाही. चार आसनी विमान हौसेने उडवणाऱ्यावर मात्र अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात विम्याची सक्ती नाही. एफएए, म्हणजे तिथली विमान उड्डाणांची केंद्रीय यंत्रणा, तुमचं लायसन्स बघते, मेडिकल म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र बघते, दर २४ महिन्यांनी इन्स्ट्रक्टरबरोबरचा फ्लाइट रिव्ह्यू झालाय का ते बघते, प्रवासी न्यायचे तर गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालीत का तेही बघते. विम्याचा कागद मागत नाही. मोजक्या राज्यांनी आपापले काही नियम केले आहेत, एवढंच. तेव्हा तुमच्यावर खरं बंधन घालतो तो स्कूलचा भाडेकरार. पहिल्या दिवशी चेकआउटच्या, म्हणजे स्कूलच्या चाचणी-उड्डाणाच्या, घाईत तुम्ही ज्या चार पानांवर सह्या केल्यात, ती पानं आज रात्री काढा आणि सावकाश वाचा. ‘नुकसानीची जबाबदारी भाड्याने घेणाऱ्याची’ अशा अर्थाचं वाक्य त्यात बहुतेक सापडेलच.

आता ‘विमान इन्शुअर्ड आहे’ हे वाक्य. काउंटरवरचा माणूस खोटं बोलत नाही. विमान इन्शुअर्ड आहेच. बँकेचं कर्ज असेल तर बँक त्याशिवाय पैसेच देत नाही. पण तो विमा स्कूलने स्वतःसाठी काढलेला आहे. विमान मोडलं तर स्कूलचं नुकसान भरून निघावं, हे त्याचं काम. तुम्ही त्यात कुठे बसता, हे त्या पॉलिसीत लिहिलेलं असतं, आणि ती पॉलिसी तुम्ही पाहिलेली नाही. काही पॉलिसींत भाड्याने घेणाऱ्या पायलटलाही लायबिलिटीपुरतं, म्हणजे इतरांच्या नुकसानीच्या जबाबदारीपुरतं, आत घेतात, बहुधा कमी रकमेवर. कित्येकींत तो पूर्ण बाहेर असतो.

एक साधा प्रसंग घ्या. वाऱ्यात लँडिंग जरा फसलं, विमान उसळलं आणि पुढच्या चाकावर आपटलं, प्रोपेलरचं टोक धावपट्टीला घासलं. कुणाला ओरखडा नाही. तुम्ही मनाशी म्हणता, चला, एक प्रोपेलर बदलावा लागेल. पण फिरत्या प्रोपेलरला असा मार बसला की इंजिन उघडून आतली तपासणी करावी लागते, कारण क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, काय झालंय ते बाहेरून दिसत नाही. १७२ मध्ये पुढचं चाक आपटलं की इंजिनामागची फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली धातूची भिंत, वाकू शकते, ते काम आणखी वेगळं. बिल सहज पाच आकडी डॉलरांत जातं, आणि विमान काही महिने हँगरमध्ये उभं राहतं.

स्कूलची विमा कंपनी डिडक्टिबल, म्हणजे विमेदाराने स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, वजा करून स्कूलला पैसे देते. ती डिडक्टिबल करारानुसार तुमच्याकडून घेतली जाते. विमान उभं राहिल्याने बुडालेलं भाडं विमा कंपनी सहसा देत नाही, तेव्हा तेही तुमच्याकडे मागितलं जाऊ शकतं. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. खरा दणका पुढे आहे. स्कूलला पैसे देऊन झाल्यावर तीच विमा कंपनी वसुलीसाठी तुमच्याकडे वळू शकते: नुकसान तुमच्या चुकीने झालं, आम्ही आमच्या ग्राहकाला भरपाई दिली, आता तेवढी रक्कम तुम्ही आम्हाला द्या. याला सब्रोगेशन म्हणतात. ज्या विम्याच्या भरवशावर तुम्ही निर्धास्त होतात, त्याच विम्याचा वकील तुम्हाला पत्र पाठवतो. स्कूलचा मॅनेजर कितीही सज्जन असो, ते पत्र थांबवणं त्याच्या हातात नसतं.

म्हणून मॅनेजरला ईमेलने हे प्रश्न विचारा, उत्तर लेखी घ्या: तुमच्या पॉलिसीत भाड्याने घेणारा पायलट इन्शुअर्ड धरला जातो का, आणि किती रकमेपर्यंत? डिडक्टिबल किती? बुडालेलं भाडं माझ्याकडून घेणार का? तुमच्या विमा कंपनीने भाडेकरू पायलटवरचा सब्रोगेशनचा हक्क सोडलाय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर कलमाची प्रत मागा. उत्तर टाळाटाळीचं आलं तर ते ‘नाही’ धरून चाला.

तुमचा मित्रही चुकीचं सांगत नाही, फक्त स्वतःचं सांगतोय. खऱ्या अर्थाचा फ्लाइंग क्लब असला, सभासद मिळून विमानाचे मालक असले, तर क्लबची पॉलिसी बहुधा सभासदांना इन्शुअर्ड धरते. उलट, भाड्याच्या विमानासाठी तुम्ही स्वतःची जी पॉलिसी घ्यायला हवी ती त्याला त्या विमानासाठी चालणारही नाही, कारण अशा पॉलिसीची पहिली अटच ही की विमान पूर्ण किंवा अंशतः तुमच्या मालकीचं नसावं. तुम्ही स्कूलचे गिऱ्हाईक आहात, तो क्लबचा हिस्सेदार असावा. गच्चीवरच्या पार्टीत दोघं एकाच विषयावर बोलताय असं वाटतं, पण तसं नसतं.

या पॉलिसीला तिकडे ‘नॉन-ओन्ड एअरक्राफ्ट’ विमा म्हणतात, बोलताना ‘रेंटर्स’. तिचे दोन भाग असतात आणि दुसरा भाग ऐच्छिक असतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. पहिला भाग लायबिलिटीचा: माणसांना झालेली इजा आणि इतरांच्या मालमत्तेचं नुकसान. तुम्ही भाड्याने घेतलेलं विमान या ‘इतरांच्या मालमत्तेत’ धरत नाहीत. त्यासाठी दुसरा भाग जादा पैसे देऊन जोडून घ्यावा लागतो. स्वस्तात मिळाली म्हणून पहिल्याच भागाची पॉलिसी घेऊन वर्षभर समाधानाने उडणारे कमी नाहीत. प्रोपेलर घासला की त्यांना त्यातून एक डॉलरही मिळत नाही.

विमानाच्या नुकसानीचा भाग किती रकमेचा घ्यायचा, हे सब्रोगेशनच्या उत्तरावर ठरवा. हक्क सोडलेला असेल तर डिडक्टिबल आणि बुडालेलं भाडं भागेल एवढी रक्कम पुरे. फक्त बुडालेलं भाडं तुमच्या पॉलिसीत धरलंय ना, ते बघा. हक्क सोडलेला नसेल तर विमानाच्या किमतीच्या शक्य तितकं जवळ जा. बरी जुनी १७२ आज लाखभर डॉलरच्या पुढे जाते, नवी कोरी, डिजिटल स्क्रीनच्या पॅनलची, चार लाखांच्या पुढे. एवढी मोठी रक्कम रेंटर्स पॉलिसीत सहजी मिळत नाही. माझं मत विचाराल तर स्कूलमध्ये दोन्ही विमानं असतील तेव्हा जुनं घ्या. सासऱ्यांना स्क्रीनपेक्षा खिडकीत जास्त रस असणार.

दोन्ही भाग मिळून वर्षाचा प्रीमियम साधारण काही शे डॉलर होतो, रकमेनुसार कमी-जास्त. १७२ चं तासाचं भाडं दीडशे-दोनशे डॉलरच्या घरात असताना, वर्षातले दोन-तीन तास जमिनीवर राहिलात असं समजा.

आता लायबिलिटीच्या रकमेकडे येऊ, कारण तुमच्या बायकोची काळजी खरी इथे आहे. जाहिरातीत मोठा आकडा छापतात: एका घटनेला अडीच लाख, पाच लाख, दहा लाख डॉलर. त्याच्याखाली लहान अक्षरात प्रवाशामागची मर्यादा असते, आणि ती बहुधा मोठ्या आकड्याच्या एक दशांश असते. अडीच लाखांची पॉलिसी असेल तर प्रत्येक प्रवाशामागे २५ हजार. सासूबाईंच्या मांडीचं हाड मोडलं तर अमेरिकेतल्या हॉस्पिटलात हे २५ हजार पहिल्याच आठवड्यात संपू शकतात. दहा लाखांच्या पॉलिसीत माणशी एक लाख मिळतात, आणि प्रीमियममधला फरक त्या मानाने लहान असतो. मी तुमच्या जागी असते तर विमानाच्या भागात एक वेळ काटकसर केली असती, पण प्रवाशामागच्या रकमेत नाही. आणखी एक बारकावा: काही पॉलिसींत ही मर्यादा ‘दर प्रवाशी’ असते, काहींत ‘दर व्यक्ती’. दुसऱ्या प्रकारात जमिनीवरच्या माणसालाही तीच छोटी मर्यादा लागते. हडसनच्या दोन्ही काठांना किती माणसं राहतात, ते तुम्ही वरून पाहिलंच असेल.

इथे आपल्या घरांमधली एक अडचण येते. तुम्ही म्हणाल, सासूबाई काय जावयावर दावा लावणार? बरोबर. सांगलीत कुणी लावत नाही. पण लायबिलिटी विमा चालतो तोच मुळी दाव्यावर. समोरच्याने ‘याच्या चुकीने मला इजा झाली’ असं म्हटलं तरच विमा कंपनी पैसे काढते, आणि तुमच्या बाजूने वकीलही तीच देते. सासूबाईंनी संकोचाने ‘नको बाई, आपलाच मुलगा आहे’ म्हटलं, तर तुम्ही भरलेला प्रीमियम त्यांच्या कामी येत नाही आणि बिल तुमच्या घरावर येतं. तेव्हा बायकोशी आणि सासऱ्यांशी हे आधीच बोलून ठेवा, की वेळ आलीच तर दावा कागदोपत्री माझ्यावर असेल, पैसे मात्र कंपनीकडून घेतले जातील, यात नातं कुठेही येत नाही. चहाच्या वेळी हसत सांगितलं तर सहज पचतं. आणि पॉलिसी घेताना एजंटला थेट विचारा, घरातले किंवा एका छताखाली राहणारे प्रवासी वगळलेत का? काही पॉलिसींत तसं कलम असू शकतं. सासू-सासरे तीन महिने तुमच्याकडेच राहणार असतील तर हा प्रश्न नुसता तात्त्विक राहत नाही.

याच्या जोडीला त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स तपासा. भारतातून निघताना घेतलेल्या किंवा अमेरिकेतून ऑनलाइन काढलेल्या अशा बऱ्याच पॉलिसींत, तिकीट काढून नेहमीच्या एअरलाइनने केलेला प्रवास सोडला तर बाकी विमानातली इजा वगळलेली असते. जावयाचं १७२ त्या ‘बाकी’त येतं. त्यांच्या पॉलिसीतलं अपवादांचं पान बायकोला वाचायला द्या, ती तुमच्यापेक्षा नीट वाचेल असं पत्रावरून दिसतं.

सासऱ्यांचा हातभार. हेतू चांगला आहे, पण इथे जपून. प्रायव्हेट लायसन्सवर इंधन, ऑइल, विमानतळाचे आकार आणि विमानाचं भाडं एवढेच खर्च प्रवाशांबरोबर वाटून घेता येतात, आणि त्यातला तुमचा समान वाटा तुम्हाला भरावाच लागतो. तुम्ही धरून चौघं बसलात तर किमान चौथा हिस्सा तुमचा. विम्याचा प्रीमियम या वाटणीत येत नाही. सासऱ्यांनी प्रेमाने सगळ्या भाड्याचं पाकीट तुमच्या हातात ठेवलं आणि तुम्ही ते घेतलं, तर नियम मोडतोच, शिवाय विमा कंपनीला ‘हे पैसे घेऊन केलेलं उड्डाण आहे’ म्हणायला जागा मिळते. व्यावसायिक उड्डाण या पॉलिसींत वगळलेलं असतं. पाकीट घरी, वाढदिवसाला घ्या.

चौघं म्हणताना एक सांगते, जरी ते माझ्या खात्यात येत नाही: टाक्या भरून चार मोठी माणसं बसवली की बऱ्याच १७२ मॉडेलांचं वजन मर्यादेबाहेर जातं. सासू-सासऱ्यांना एका फेरीत न्या, बायकोला नंतर. हडसनवर १,३०० फुटांखालच्या पट्ट्यातून जाण्याआधी इन्स्ट्रक्टरबरोबर एक फेरी व्हावी अशी स्कूलची अट असेल तर ती पाळा. भाडेकरार मोडून उडालात, की स्कूलच्या पॉलिसीतून मिळणारं थोडंफार संरक्षणही वादात सापडतं.

नायगारा पाहायला विमान कॅनडात उतरवायची गरज नाही. अमेरिकेच्या बाजूला विमानतळ आहे, तिथून गाडीने जाता येतं. तरी पलीकडे उतरायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, की कॅनडात खासगी विमानालाही लायबिलिटी विम्याची सक्ती आहे. कमाल टेकऑफ वजन २,३०० पौंडांपर्यंत असेल तर किमान १ लाख कॅनडियन डॉलर, त्यापुढे ५,००० पौंडांपर्यंत ५ लाख. जुनी १७२ एन बरोबर २,३०० वर बसते. नंतरची पी, आर, एस मॉडेलं वरच्या गटात जातात. एकाच नावाचं विमान, पण हँगरमधलं कोणतं उचललं त्यावर आकडा पाचपट होतो. शिवाय स्कूलचा करार देशाबाहेर न्यायची परवानगी देतो का आणि तुमची पॉलिसी कॅनडात लागू आहे का, हे दोन्ही पाहावं लागेल. मी म्हणेन, यंदा अलीकडूनच बघा.

घराच्या विम्यावर किंवा त्यावर जादा लायबिलिटी देणाऱ्या अम्ब्रेला पॉलिसीवर विसंबू नका, त्यांत विमानाची लायबिलिटी जवळपास नेहमीच वगळलेली असते. भाड्याच्या गाडीसाठी क्रेडिट कार्ड जे संरक्षण देतं, ते विमानाला नसतं.

पॉलिसी कुठून घ्यायची हे मी नावानिशी सांगणार नाही. पायलटांची जुनी संघटना एओपीए आहे, तिच्याकडे या विषयाची सोपी माहिती मिळते, आणि विमानांचाच विमा करणारे एजंट वेगळे असतात. गाडीचा विमा देणाऱ्या ओळखीच्या एजंटकडे हे काम नेऊ नका. अर्जात तुमचे उड्डाणाचे तास खरे लिहा. ‘लवकरच शंभर होतील’ म्हणून आज शंभर लिहिणं महागात पडतं, कारण दाव्याच्या वेळी पहिलं मागतात ते लॉगबुक, म्हणजे तुमच्या उड्डाणांची नोंदवही. आणि पॉलिसी चालू राहायची तर मेडिकल आणि फ्लाइट रिव्ह्यू चालू असावे लागतात; रिव्ह्यूची मुदत संपल्यावरची एक छोटीशी चक्करही दावा फेटाळायला पुरते.

काही झालंच, तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. स्कूलच्या काउंटरवर ‘चूक माझी, मी भरून देतो’ असं लिहून देऊ नका. आपल्याकडे हा सभ्यपणा समजला जातो, पण विमा कंपनीला न विचारता कबुली दिल्याने तुमचंच संरक्षण जाऊ शकतं. घडलं ते खरं सांगा, पैशाचं बोलणं कंपनीला करू द्या.

राहिला तुमचा टर्म इन्शुरन्स. अमेरिकेतल्या अर्जात गेल्या काही वर्षांत पायलट म्हणून उडालात का आणि पुढे उडायचा विचार आहे का, असा प्रश्न बहुधा असतो. उडायला लागण्याआधी पॉलिसी काढली असेल, तेव्हा खरं उत्तर दिलं असेल आणि पॉलिसीत विमान उड्डाणाचा अपवाद नसेल, तर ती सहसा शाबूत राहते. अर्ज भरताना ट्रेनिंगची फी भरून झाली होती आणि तरी ‘नाही’ लिहिलं असेल, तर ते आत्ताच एजंटशी बोलून दुरुस्त करा. पहिल्या दोन वर्षांत झालेला दावा कंपनी फार बारकाईने तपासते. ऑफिसतर्फे मिळणाऱ्या ग्रुप विम्यात मूळ रक्कम आणि अपघाती मृत्यूची जादा रक्कम वेगळी बघा, दुसरीत पायलटला वगळणं नेहमीचंच आहे. भारतात तुमच्या आई-वडिलांनी कधीकाळी काढून दिलेली एलआयसीची पॉलिसी चालू असेल, तर तिच्यातला अपघात लाभही प्रवासी म्हणून विमानात बसलेल्याला मिळतो, विमान चालवणाऱ्याला नाही. बायकोबरोबर बसून आकडे मांडाल तेव्हा या दोन जादा रकमा बेरजेत धरू नका.